किती वर्षांसाठी?

१४ जानेवारी

प्रिय कारागीर,

रविवारच्या फोनवर कामाचं बोलणं होतच नाही. आपल्या थोरल्या वकीलबाई माझी उलटतपासणी घेतात, धाकटी लिंबू रिसीव्हरमध्ये नुसता श्वास सोडते आणि आई मागून "जेवतोस ना वेळेवर?" म्हणून ओरडते. तेवढ्यात लाइन कट. तेव्हा कामाचं पत्रातच.

मला इथे येऊन तीन महिने झाले. चौदा मजली हॉस्पिटल आहे, सहा लिफ्ट बसवायच्यात, त्यातल्या दीड चालू झाल्या. दीड म्हणजे दुसरी फक्त वर जाते. फ्लॅट मिळालाय, दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. तुम्ही तिघी जूनअखेर आलात की भरून जाईल. आई तोपर्यंत ताईकडे जायला तयार आहे ना?

आता मुद्दा शाळेचा. इथे शाळा सप्टेंबरात सुरू होते, पण फॉर्म एप्रिलअखेर द्यायचा. काल एक शाळा बघून आलो. परदेशातून आलेल्या लोकांची मुलं तिथे जातात. मोठी आहे, इतकी की दारात गळ्यात कार्ड अडकवूनच आत सोडतात. शाळा दाखवणाऱ्या बाई होत्या, फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला परकं वाटत नाही, कारण सगळेच परके." एक मूल सरासरी दोन वर्षं राहतं म्हणे. ग्रंथालय बघून वकीलबाईंना घेरी येईल. लिंबूसाठी पहिलीच्या वर्गात वाळूची पेटी आहे. लिफ्टचं दार बंद होताना करकरत होतं. मी बाईंना सांगितलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला शाळा आवडली.

घरापासून बसने पाऊण तास. बाकी दोष नाही.

लवकर कळव.
तुझा मिस्त्री


२९ जानेवारी

प्रिय मिस्त्री,

लिफ्टचं दार ऐकून शाळा पसंत करणारा बाप जगात एकच असेल.

पण मला नाही पटली. मूल दोन वर्षं राहतं म्हणजे काय? आज मैत्रीण झाली, उद्या ती गेली. वकीलबाईंना मैत्री करायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. पाच वर्षांत एक मैत्रीण मिळवली, तीही हिच्याशी वाद घालू शकते म्हणून. आणि लिंबूला पाऊण तास बसमध्ये? ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत रिक्षात बसली तरी पिवळी पडते.

इथे सगळं ठीक. काल कारखान्यात एका सात वर्षांच्या पोरीला कृत्रिम पाय बसवला. दर वर्षी नवा लागतो. पोर वाढते, आम्ही केलेला पाय वाढत नाही. पहिलं पाऊल टाकल्यावर तिने मला विचारलं, "हा धुतला तर चालतो का?" मी म्हटलं, धुतला तरी चालतो आणि नाही धुतला तरी चालतो. आमचे सर हसून हसून खाली बसले. सर थकलेत हल्ली. निवृत्तीचं काढतात सारखं.

आपल्या अभ्यासक्रमाची एखादी शाळा नाही का तिथे? बघ ना. म्हणजे दोन वर्षांनी परत आल्यावर पोरी मागे पडणार नाहीत.

आई ताईंकडे जायला तयार आहेत. बॅगही काढून ठेवलीय.

तुझी,
(कारागीर म्हणतोस ते आवडतं)


१३ फेब्रुवारी

प्रिय कारागीर,

बघितली. आपल्या अभ्यासक्रमाची आहे, टायरच्या दुकानामागे दुमजली इमारतीत. हेडमास्तर स्वतः जिना उतरून घ्यायला आले. त्यांना बोलायला माणूस हवा होता असं वाटलं. पुस्तकं तीच, धडे तेच, वहीला कव्हर घालायचा तो तपकिरी कागदसुद्धा तोच. "परत जाल तेव्हा एक धडा चुकलेला नसेल," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

चौथीच्या वर्गात भिंतीवर चित्रं लावली होती. विषय 'माझे घर'. अठ्ठावीस चित्रं मी नीट बघितली. एकानेही इथलं घर काढलं नव्हतं. त्यातली कितीतरी पोरं इथेच जन्मलेली. सगळ्यांनी तिकडचं घर काढलं होतं, जे त्यांनी सुट्टीत पंधरा दिवस बघितलं असेल. मी हेडमास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "आम्ही मुळं सुटू देत नाही."

मला बरं नाही वाटलं गं. माणसं चांगली आहेत, शिकवतातही मन लावून. पण सगळी शाळा सामान बांधून बसल्यासारखी वाटली. चार-पाच वर्षं पोरींनी असं बांधलेल्या सामानावर बसून काढायची?

मला पहिलीच बरी वाटते. बसमध्ये लिंबूला खिडकीशी बसवू.

तुझा मिस्त्री


१ मार्च

प्रिय मिस्त्री,

घाईत लिहितेय. टायरच्या दुकानामागे शाळा नकोच. दिवसभर रबराचा वास, आणि मैदान असल्याचं तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे नसेल. जिना अरुंद आहे का? असेलच.

पहिलीही नको. कारणं मागच्या पत्रात आहेत.

तिसरी एखादी बघ. तुझ्या घराजवळ तिथल्या मुलांची काही शाळा असेलच की. ती मुलं कुठे जातात?

आणि एक. तुझा करार दोन वर्षांचा आहे. चार-पाच वर्षांचं गणित कुठून आलं?

मी


१६ मार्च

प्रिय कारागीर,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलोय. तुला कुठलीच शाळा पसंत पडत नाही. एवढे दोष तू मला बघायला आलीस तेव्हाही काढले नव्हतेस.

तरी बघून आलो. फ्लॅटपासून चालत चार मिनिटं, लाँड्रीच्या पुढे. साधी सरकारी शाळा. मी न कळवताच गेलो. ऑफिसात एक बाई होत्या, त्यांना इथलीच भाषा येते, आणि मला त्या भाषेतले येतात तीनशे शब्द, निम्मे लिफ्टचे. 'मोठी' आणि 'धाकटी' म्हणायला शब्द सापडेनात. मी सांगितलं, "मला दोन मुली. वर अकरा, खाली सहा." बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला. मग त्यांनी चहा दिला.

बाहेरून आलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. सकाळी तिथे भाषा शिकायची आणि दुपारी सगळ्यांबरोबर बसायचं. मी मागच्या बाकावर बसलो. बाक एवढा ठेंगणा की गुडघे कानाला लागले. शिक्षक एकेक वस्तू वर धरत होते, चमचा, मोजा, कुलूप. मुलं आधी आपापल्या भाषेत ओरडायची आणि मग इथल्या भाषेत. एका बारकीला चमच्याचं नाव येईना, तर तिने उठून चमचाच हिसकावून घेतला. मला लिंबूची आठवण आली.

निघताना ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "किती वर्षांसाठी?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी बोटं वर करून विचारलं, एक? दोन? तीन? मी फॉर्म मागून घेतला.

चार-पाच वर्षं म्हणजे नुसतं बोलण्याच्या ओघात लिहिलं गेलं. त्यात काही नाही.

तिन्ही शाळांचे फॉर्म पाठवतोय. एकावर खूण कर आणि पाठव.

मिस्त्री


४ एप्रिल

चि. बाळास आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझी बायको हे लिहिणार नाही म्हणून मी लिहिते आहे, आणि मी लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. एकदाही कुणाच्या बोलण्यात तोंड घातलं नाही. आता घालते.

फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या सरांनी तिला सगळा कारखाना सांभाळायला सांगितला. हातपाय, पट्टे, बूट, सगळ्याची प्रमुख. एकोणीस माणसं हाताखाली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन भांडी घासत बसली. भांडी बाई सकाळीच घासून गेली होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही हो आई, शाळेचं काही जमत नाहीये." शाळेचं! तुझ्या शाळांना काय धाड भरली आहे?

तुझे तीन फॉर्म फ्रीजवर पडले आहेत. ती रोज पुसते आणि परत ठेवते.

तिला यायचं नाही असं समजू नकोस. पोरींना बाप हवा, तिला नवरा हवा, हे तिला कळतं. पण बारा वर्षं ती त्या कारखान्यात प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी आहे. आता कुठे खुर्ची पुढे आली, तर तिकडे तुझं विमान.

आणि तूही काही साधा नाहीस. शेवटच्या पत्रात तुझं अक्षर मुंगीएवढं झालं आहे. सहामाहीत गणितात गटांगळी खाल्लीस तेव्हा मला चिठ्ठी लिहून दप्तरात ठेवली होतीस, तेव्हाही असंच अक्षर होतं. काय लपवतो आहेस ते मला सांगू नकोस, तिला सांग. लाइन दोन्हीकडून चालू आहे आणि तुम्ही दोघं रिसीव्हर कानाला लावून गप्प.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा सोडून.

आई


१५ एप्रिल

प्रिय कारागीर,

आईचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं असेल तर पुढचं वाचून माझ्यावर चिड.

जानेवारीच्या नऊ तारखेला इथल्या साहेबांनी मला बोलावलं. लिफ्ट बसवून झाल्यावर त्या सांभाळायला कायमचा माणूस हवा आहे, राहशील का, म्हणाले. मी हो म्हटलं. तिथल्या तिथे, उभ्याउभ्या. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या पाच दिवस आधी. करारावर सही ऑगस्टमध्ये आहे, पण तोंडाने मी हो म्हणून बसलोय.

तुला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तू विचार केला असतास, आणि मला तुझ्या विचाराचीच भीती वाटली. म्हटलं, एकदा पोरींची शाळा लागली, त्यांना मैत्रिणी मिळाल्या, की बाकीचं आपोआप होईल. शाळेच्या आडून मी तुम्हा तिघींना इथे आणून ठेवणार होतो. म्हणून ती टायरमागची शाळा मला डाचत होती. तिथली पोरं परत जायच्या तयारीत होती आणि मला परत जायचंच नव्हतं.

इथे माझं काम लोक विचारून घेतात गं. तिकडे लिफ्ट बंद पडली की मला शिव्या देतात आणि चालू असली की मी कुणाला आठवत नाही. पण हे तुला सांगायला मी तीन महिने लावले, ही चूक माझी.

एकोणीस माणसांची प्रमुख! मला हे आईकडून कळावं अशी वेळ मीच आणली. अभिनंदन. उशिरा आहे, पण मनापासून आहे.

तुला काय हवंय ते लिही. मी आता शाळा सुचवणार नाही.

मिस्त्री


२१ मे

प्रिय मिस्त्री,

रविवारी फोनवर मी मुद्दाम पोरींनाच पुढे करत होते, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. या महिन्याभरात तीन पत्रं लिहिली. पहिल्यात शिव्या होत्या. दुसऱ्यात इतका समजूतदारपणा होता की वाचताना मलाच खरा वाटेना. तिसरं बरं जमलं होतं, पण त्याच्या मागे लिंबूने उंट काढला आणि तो मैत्रिणीला देऊन टाकला. हे चौथं.

मला राग आला. अजून आहे. उभ्याउभ्या हो म्हणालास म्हणून नाही, तर माझ्या विचाराची भीती वाटली म्हणून. मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तुला माझा विचारच आवडायचा.

पण मीही सरळ नव्हते. टायरच्या दुकानाचा वास मला इथे बसून कसा आला? तू आणखी दहा शाळा दाखवल्या असत्यास तर दहांत खोट काढली असती. तुला 'नाही' म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून शाळांना म्हणत होते.

दरम्यान इथे एक भानगड झाली. वकीलबाईंनी वर्गात जाहीर करून टाकलं होतं की आम्ही कायमचे चाललो. शेवटच्या दिवशी वर्गाने हिला निरोपाचं कार्ड दिलं. घरी आल्यावर हिला माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं.

"आपण नाही का जाणार?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं नाही? आई, छत्तीस जणांनी सह्या केल्यात! बाईंनी भाषण केलं! आता जूनमध्ये मी कुठल्या तोंडाने वर्गात जाऊन बसू?"

मी हसले आणि मग तिच्या देखतच रडले. तिने कार्ड बाजूला ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं. लिंबू म्हणाली, "मी रडू का आता?" तिला आम्ही नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, तुम्ही अजून एक वर्ष थांबाल का?" सर म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना विचार." मी गुडघ्यांकडे बघून विचारलं. सर म्हणाले, "एक वर्ष. त्यावर एक दिवस नाही. आणि कागदावर तुझी सही आज." मी सही केली. पुढच्या जुलैपासून कारखाना माझा. तोवर बिनपगारी रजा.

तर मी येते. पोरींना घेऊन, एक वर्षासाठी. दोन नाही, बघू नाही, एक. त्यानंतर मी परत येणार आहे आणि पोरीही माझ्याबरोबर येणार आहेत. तू ती पक्की नोकरी घ्यायची की नाही, ते तू ठरव. मी घे म्हणणार नाही आणि सोड म्हणणार नाही. फक्त या वेळी मला आधी सांग.

त्या सात वर्षांच्या पोरीला पुढच्या जानेवारीत नवा पाय लागेल. तो दुसरं कुणीतरी बसवेल. मला ते बोचणार आहे, आणि ते तुला माहीत असावं.

तुझी कारागीर


३ जून

प्रिय कारागीर,

पत्र वाचून मी दोन दिवस रुसलो. इथे समजूत काढायला कुणी नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी आपलाआपणच उठलो.

मग तुला आधी कळवायचं म्हणून हे लिहितोय. मला ती नोकरी घ्यावीशी वाटते. खूप वाटते. आणि ती घेऊन तुम्ही तिघी तिकडे, मी इकडे, असं वर्षानुवर्षं करायची माझी छाती नाही. गेल्या सात महिन्यांत मी पाहिलं ना मी कसा राहतो. कपबशी एकच काढून ठेवलीय, धुवायला सोपी म्हणून. तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवतोय. तुझं उत्तर येईपर्यंत थांबणार होतो, पण साहेबांनी आजच गाठलं.

मी म्हटलं, "करार संपेपर्यंत राहीन, पुढे नाही."

ते म्हणाले, "घरच्यांना शहर आवडलं नाही का?"

मी म्हटलं, "त्यांनी अजून बघितलेलं नाही."

त्यांना काही कळलं नाही. हात मिळवून गेले. तुम्ही पुढच्या जुलैत परत गेलात की मला इथे तीन महिने एकट्याने काढायचे आहेत, तेवढं सोसेन.

आणि शाळा! पाच महिने आपण ज्यावर भांडलो ते ठरवायला मला पाच मिनिटं लागली. एकाच वर्षासाठी यायचं, तर तिकडचेच धडे इथे कशाला वाचायचे? आणि नुसत्या परक्यांत राहायला पाऊण तास बसमध्ये कशाला बसायचं? मोठ्या शाळेची मुदतही केव्हाच टळली. मी लाँड्रीपुढच्या शाळेत गेलो. ऑफिसातल्या त्या बाईंनी ओळखलं, आधी हसून घेतलं, मग फॉर्म काढला. मी एक बोट वर केलं. त्या म्हणाल्या, "एक वर्ष थोडं आहे." मी म्हटलं, हो, थोडं आहे.

फॉर्म भरून ठेवलाय, सही केलेली नाही. ही फक्त माझी पसंती. तू येऊन शाळा बघ, बाकावर बसून बघ, पटली तर दोघं सही करू. त्या थांबायला तयार आहेत.

येताना माझा जुना पाना आणशील का? इथले हाताला लागत नाहीत.

तुझा मिस्त्री


१९ ऑक्टोबर

ती. आई,

इथून वाकून नमस्कार करते. तुम्ही तिथून पाठीवर हात ठेवा.

ताईंच्या पत्रातून कळलं की तुम्ही त्यांच्या सोसायटीच्या इंटरकॉमची दुरुस्ती स्वतः उभं राहून करून घेतलीत. वाचून बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत की पोरी रमल्या का. खरं सांगते, अजून नाही. वकीलबाईंना भाषेपायी एक वर्ग खाली बसवलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी शब्दकोश उघडून निषेधाचं पत्र लिहिलं, स्वतः नेऊन दिलं. शिक्षकांनी त्यातल्या चुका लाल शाईने सुधारून परत दिलं. तेव्हापासून दोघांचं बरं जमतं. पण डबा ती एकटीच खाते. मला म्हणते, "मला चालतं." मी तिची आई आहे, चालत नाही हे मला कळतं. एक वर्षासाठी हिला इथे आणून मी काय मिळवलं, असं रोज एकदा तरी मनात येतं.

तुमचे चिरंजीव कामावरून वेळेत येतात आणि त्यांना माझ्या हातचं सगळं आवडतं, म्हणजे आठ महिने काय खात होते ते विचारायला नको. त्या पक्क्या नोकरीची आठवण आली की सुस्कारा टाकतात. मी कारखान्याच्या आठवणीने टाकते. आळीपाळीने चालतं.

पण मला लिहायचं होतं ते लिंबूचं. ती शाळेत सहा आठवडे एक शब्द बोलली नाही. एकसुद्धा नाही. घरी येऊन आपल्याच भाषेत धबधबा, आणि शाळेच्या दारात पाय ठेवला की तोंडाला कुलूप. शिक्षक म्हणायचे, थांबा. मी थांबत होते, पण रोज तिला सोडून परत येताना लाँड्रीपाशी मला उभं राहावं लागायचं. यांना बोलले नाही. मग वाटलं, पुन्हा लपवालपवी नको, म्हणून सांगितलं. तर हे म्हणाले, "मीही रोज तिथेच उभा राहतो. सकाळी कामावर जाताना."

आज दुपारी तिला आणायला गेले. मुलं बाहेर येत होती. दाराशी दोन पोरी उड्यांच्या एकाच दोरीवरून हमरीतुमरीवर आलेल्या. एक उंच, दोन वेण्यांची. दुसरी कमरेवर हात ठेवून, मान पुढे काढून, समोरचीला श्वास घेऊ न देता फाडफाड बोलत होती. ती आपली लिंबू होती, आई.

ती काय बोलली ते मला अजिबात कळलं नाही. शिव्या होत्या की नियम, कोण जाणे. मला बघून तिने एक हात वर केला, थांब म्हणून, आणि पुढे भांडत राहिली.

मी थांबले.

तुमची,
सूनबाई